नार्निया: पोरांना आधी वाचून दाखवू की आधी सिनेमा?

वाचनालय_राळेगाव

नमस्कार मंडळी. राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात मी ‘ड’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय चालवतो. चालवतो म्हणजे कुलूप उघडतो, झाडतो, पेपर लावतो आणि अनुदानाची वाट पाहतो. बाकी वेळ वावरात, पऱ्हाटी अन् तूर.

गावातलीच एक मुलगी पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीला आली तेव्हा तिनं ‘क्रॉनिकल्स ऑफ नार्निया’ची सातही पुस्तकं वाचनालयाला दिली. सगळी इंग्रजी. कपाटात नुसती धूळ खातील म्हणून शनिवारी शाळा सुटली की पोरांना ओसरीवर बसवून मीच सांगायला लागलो. पान समोर, वाचायचं मनात, अन् तोंडानं आपल्या बोलीत सांगायचं. चौथी ते सातवीची पोरं येतात. आता ओसरी पुरत नाही, दोघं-तिघं कायम पायरीवर असतात.

पहिलं घेतलं ते कपाटातून बर्फाच्या देशात जायचं, ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’. पोरांचे प्रश्न ऐकण्यासारखे असतात. “लोखंडी कपाटातून काऊन नाई जाता येत?” यावर एक शनिवार गेला. पीटर, सुझन, एडमंड, ल्युसी ही चार भावंडं त्या देशात जातात. त्यातल्या एडमंडला चेटकीण मिठाई देते, ती काय असेल यावर दुसरा. बहुमतानं संत्रा बर्फी ठरली.

मग बीव्हरच्या (नदीकाठी राहणारा एक प्राणी, गोष्टीत तो बोलतो) घरातला भाग आला. अस्लानचं अजून नुसतं नाव ऐकलेलं आहे, तो सिंह आहे हे कळतं, आणि सुझन विचारते की त्याच्याजवळ जाणं बिनधोक आहे ना. बीव्हर म्हणतो, बिनधोक कसला, पण तो चांगला आहे. हे सांगितलं आणि पाचवीतल्या एका पोरानं विचारलं, “मंग थो माणूस खाते का?”

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात एका वाघिणीची दहशत होती. माणसं गेली होती. ऐन वेचणीत मजूर वावरात यायला तयार नव्हते. फॉरेस्टनं कॅमेरे लावले, हत्ती आणले, परफ्यूम शिंपडूनही पाहिलं, आणि नोव्हेंबरात ती मारली गेली. ही पोरं तेव्हा अगदी लहान होती, काही तर पाळण्यात. पण घराघरात ती गोष्ट आहे, आणि कडेला टिपेश्वरचं जंगल आहेच. त्यामुळे ‘चांगला आहे पण बिनधोक नाही’ हे वाक्य आमच्या ओसरीवर गोष्टीतलं वाक्य म्हणून राहिलंच नाही. अर्धी पोरं म्हणाली, असा चांगला कसा असेल? अर्धी म्हणाली, वाघ वाईट नसते, त्याले भूक असते.

आता मुद्दा. शाळेत प्रोजेक्टर आहे. गुरुजी म्हणतात, परीक्षा झाल्या की पहिला सिनेमा दाखवू, पोरं खूश होतील. मी तो मोबाइलवर हिंदीत पाहिला. चांगला आहे. पण सिंह पडद्यावर आला अन् मला वाटलं, हा तर आजोबासारखा बोलतो. पोरांनी जो सिंह डोक्यात धरला आहे तो यानं पुसला जाईल का? की मी उगाच पुस्तकाचा सोवळेपणा करून राहिलो? गोष्ट अजून अर्धीच झाली आहे.

आणखी एक. पुस्तकांवर जे नंबर आहेत त्यात ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ पहिलं आहे आणि कपाटाचं दुसरं. मी नंबर न पाहता सुरू केलं. आता पुढे कोणत्या क्रमानं जाऊ? आणि सिनेमे तीनच निघाले, चार पुस्तकं तशीच राहिली, असं का झालं, हेही कोणाला ठाऊक असेल तर सांगा. पोरं विचारतात.

पऱ्हाटीवाला

भाऊ दाखवून टाका. पोट्टे मोबाइलवर काय काय पाहून रायले अन् तुम्ही सिंह पुसला जाईन म्हणता. माह्या पुतण्यानं हॅरी पॉटरचे सारे सिनेमे आधी पाहिले, मंग पुस्तकं मागितली. पाहिल्यावरच वाचावंसं वाटते. अन् लाईनचा भरवसा नाई, संध्याकाळी सात ते नऊ आमच्याइकडे असतेच नाई. इन्व्हर्टर पाहून ठेवजा.

कायद्याचं_बोला

एक रुक्ष गोष्ट. वाचनालयात किंवा चौकात दाखवू नका, शाळेतच दाखवा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेला सवलत आहे: संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून सिनेमा दाखवला आणि प्रेक्षक फक्त शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी थेट संबंधित लोक एवढेच असतील, तर तो हक्कभंग धरत नाहीत. सार्वजनिक वाचनालय त्यात बसत नाही. पाहुणे म्हणून अख्खं गाव बोलावलंत तर शाळाही बसणार नाही.

वरूडची_आत्या

राळेगाव भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

मी बरीच वर्षं पुण्यात मुलांच्या कार्यक्रमांचं डबिंगचं लेखन केलं, आता वरूडला बागेत असते. हे तिन्ही सिनेमे मी ओठांच्या हालचाली मोजत पाहिले आहेत, म्हणून थोडं लांबण लावते.

आधी सिनेमाची बाजू घेते. पहिला सिनेमा २००५ चा, दिग्दर्शक अँड्र्यू अॅडमसन. त्यातलं बर्फ दाखवाच. तुमच्या पोरांनी आभाळातून पांढरं पडताना पाहिलं असेल ते गारपिटीचं, गहू आडवा करणारं. शंभर वर्षं न संपणारा हिवाळा त्यावरून डोळ्यांपुढे येत नाही. ल्युसीचं काम करणाऱ्या जॉर्जी हेन्लीला त्या सेटवर डोळे झाकून नेलं होतं आणि कॅमेरा चालू असताना तिनं ते जंगल पहिल्यांदा पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते अभिनयात येत नाही. टिल्डा स्विंटनची चेटकीणही पाहण्यासारखी. आपल्या पोरांची चेटकीण म्हणजे केस मोकळे, पाय उलटे. ही नीटनेटकी, हळू आवाजात बोलणारी, आणि तिचीच जास्त धास्ती वाटते.

आता सिंहाचं. तुम्हाला जे खटकलं ते बरोबर खटकलं, फक्त दोष कुठे आहे ते पाहू.

या पुस्तकांचा लेखक सी. एस. लुईस, त्याला स्वतःला हीच भीती होती. १९५९ साली बीबीसीच्या एका निर्मात्याला लिहिलेल्या पत्रात त्यानं स्पष्ट सांगितलं की जिवंत नटांना घेऊन हे दृश्यरूपात करायला आपला सक्त विरोध आहे. बोलणारे प्राणी डोळ्यांपुढे आले की एक तर विनोदी होतात नाहीतर भयंकर, वाईट स्वप्नासारखे, आणि माणसानं सोंग घेतलेला अस्लान म्हणजे त्याच्या लेखी पाखंड. तो १९६३ मध्ये गेला. पुढे १९८८ ते ९० मध्ये बीबीसीनं मालिका केलीच. तिच्यात सिंह यांत्रिक बाहुला होता आणि बीव्हर म्हणजे केसाळ पोशाखातली माणसं. २००५ मध्ये संगणकानं हा प्रश्न सोडवला. आयाळीतला केस न् केस हलतो.

पण भीती त्या कातड्यात नव्हतीच. पुस्तकात सतरा प्रकरणं आहेत आणि अस्लान समोर येतो बाराव्यात. तोवर नुसतं नाव. ते नाव ऐकून एकाला शौर्य चढतं, एकीला सुट्टीच्या पहिल्या सकाळीसारखं वाटतं, आणि एडमंडच्या पोटात गोळा येतो. लुईसनं सिंह न दाखवून उभा केला. सिनेमाला हे परवडत नाही, त्याच्या पोस्टरवरच सिंहाचं तोंड असतं. मग आवाज लियम नीसनचा, भारदस्त आणि प्रेमळ. आणि ज्या वाक्यावर तुमची ओसरी भांडली, ते बीव्हरच्या घरातलं वाक्य सिनेमात तिथे नाहीच. त्यातला विचार शेवटाकडे फॉनच्या (अर्धा माणूस, अर्धा बोकड) तोंडी येतो, हा काही पाळीव सिंह नाही म्हणून, आणि ल्युसी म्हणते पण चांगला आहे. तोवर सगळं निभावलेलं असतं, भ्यायचं कारण उरलेलं नसतं.

याउलट जे पुस्तकात थोडं आहे ते सिनेमात भरपूर. मुलांना लंडनच्या बॉम्बहल्ल्यांमुळे खेड्यात पाठवलं हे पुस्तकात एका वाक्यात उरकलं आहे. सिनेमा बॉम्बफेकीनंच सुरू होतो. (ते मला आवडलं, खोटं कशाला सांगू. आईला सोडून आगगाडीत बसलेली पोरं दिसली की पुढचं सगळं जड होतं.) शेवटची लढाई पुस्तकात थोडक्यात आहे, मुली अस्लानबरोबर पोचतात तोवर ती जुंपलेली असते. सिनेमात ती कितीतरी वेळ चालते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन सिनेमे २००१ ते २००३ मध्ये येऊन गेले होते, यांचं बरंचसं चित्रीकरणही न्यूझीलंडातच, हत्यारं-चिलखतं करणारी वेटा वर्कशॉपही तीच. मग सगळ्यांनाच लढाई हवी झाली.

चार पुस्तकं का राहिली? पहिल्याला सुमारे १८ कोटी डॉलर खर्च आला आणि जगभरात सुमारे ७४ कोटी जमले. २००८ चा ‘प्रिन्स कॅस्पियन’ त्याहून महाग, सुमारे २२ कोटींचा, आणि जमले जेमतेम ४२ कोटी. डिस्नेनं अंग काढून घेतलं. तिसरा, ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’, २०१० मध्ये फॉक्सनं आणला, दिग्दर्शक मायकेल अॅप्टेड. तोही त्याच्याच आसपास थांबला. मग ‘द सिल्व्हर चेअर’ची तयारी सुरू झाली, पटकथाकार, दिग्दर्शक ठरले, आणि काही झालं नाही. २०१८ मध्ये हक्क नेटफ्लिक्सकडे गेले. आता ग्रेटा गरविग ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ करते आहे.

पण हे झाले हिशेब. माझ्या मते खरं दुखणं मालिकेच्या बांधणीत आहे, आणि लुईसचा त्यात दोष नाही. हॅरी पॉटरमध्ये दरवर्षी एक इयत्ता, पोरं तीच, नट वाढले तरी गोष्टही त्यांच्याबरोबर वाढते. २००१ ते २०११ आठ सिनेमे निघाले ते म्हणूनच. नार्नियात लुईस पोरं गळतीला लावतो. दुसऱ्या पुस्तकाअखेर पीटर आणि सुझनला सांगितलं जातं की तुम्ही आता मोठे झालात, परत येणार नाही. तिसऱ्याअखेर एडमंड आणि ल्युसीला. चौथ्यात उरतो तो त्यांच्या नात्यातला कुरकुऱ्या भाऊ युस्टस आणि त्याच्या शाळेतली जिल. पाचवं तर जवळपास पूर्ण नार्नियाच्या शेजारच्या वाळवंटी मुलखातल्या एका पोराचं आणि बोलणाऱ्या घोड्याचं. सहावं सगळ्यांच्या आधीचं. दर वेळी ज्या चेहऱ्यांवर प्रेक्षक जमवला त्यांनाच घरी पाठवायचं, हे कोणत्या कंपनीला परवडेल?

मग काय करतात, सुटं सुटं असलेलं दाव्याला बांधतात. ‘डॉन ट्रेडर’ पुस्तकात एक जहाज बेटामागून बेट फिरतं, प्रत्येक बेटाची गोष्ट वेगळी, एका बेटावर युस्टसचा ड्रॅगन होतो. हरवलेले सात सरदार शोधायचे एवढाच धागा. सिनेमाला तेवढ्यानं भागेना. सात तलवारी गोळा करायच्या ठरल्या आणि सगळीकडे एक हिरवं धुकं सोडलं. ‘कॅस्पियन’मध्ये किल्ल्यावर रात्रीचा छापा घातला, तो पुस्तकात नाही, आणि सुझन-कॅस्पियनचं प्रेम जोडलं, तेही नाही. छापा मला तरी पटला, फसतो म्हणून. प्रेमाचं मात्र काय सांगावं.

तेव्हा माझं ऐकाल तर: पहिलं पुस्तक आधी संपवा, मग सिनेमा दाखवा. पोरांना ‘आपला’ सिंह आणि ‘त्यांचा’ सिंह यावर भांडू द्या, तुमची पोरं भांडखोर दिसतात. दुसरा दाखवा अथवा सोडा. तिसरा पुस्तक सांगितल्याशिवाय दाखवू नका, नाहीतर ती सगळी बेटं धुक्यातच अडकून राहतील.

क्रमाचं: छापून आले त्या क्रमानं जा. कपाटाचं १९५०, कॅस्पियन १९५१, डॉन ट्रेडर १९५२, सिल्व्हर चेअर १९५३, मग घोड्याचं, मग जादूगार मामाचं १९५५, आणि ‘द लास्ट बॅटल’ १९५६. नंबर नंतर बदलले. एका अमेरिकन मुलानं पत्रातून गोष्टीतल्या काळाप्रमाणे क्रम सुचवला होता, त्याला लुईसनं १९५७ मध्ये होकार दिला, पण कोणत्या क्रमानं वाचलं यानं फारसं बिघडत नाही असंही लिहिलं. तुमच्यासाठी बिघडतं, कारण तुमच्या पोरानं विचारलं आहे की लोखंडी कपाटातून का जाता येत नाही. त्याचं उत्तर सहाव्या पुस्तकाच्या शेवटी आहे. आत्ता सांगू नका, त्याला तिथवर येऊ द्या.

आणि ‘माणूस खाते का’ याचंही उत्तर लुईसनं दिलं आहे, नेमकं त्या पुस्तकात ज्याचा मोठा सिनेमा निघालाच नाही. सिल्व्हर चेअरचं दुसरं प्रकरण. जिल अस्लानच्या देशात पोचते, रडून रडून तिला तहान लागते, ओढा सापडतो आणि ओढ्याच्या अलीकडे सिंह बसलेला. ती विचारते, तुम्ही मुली खाता का? तो सांगतो, मी मुली, मुलगे, बाया, माणसं, राजे, अख्खी राज्यं गिळली आहेत. फुशारकी नाही, पस्तावा नाही, राग नाही. ती म्हणते मी दुसरा ओढा शोधते. तो म्हणतो दुसरा ओढा नाही.

बाकी क्रम गेला खड्ड्यात, हे एवढं प्रकरण पुढच्या शनिवारी मधेच सांगा. मे महिन्यात पाणवठ्यावर कोण बसतं हे ज्यांना सांगावं लागत नाही, अशी पोरं तुमच्या ओसरीवर आहेत.

वडसा_झाडीपट्टी

आत्याबाई, बाकी सगळं कबूल, पण लुईस साहेबांचं ते सोंगाचं म्हणणं आमच्याकडे चालायचं नाही. धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत रात्रभर नाटकं होतात. नाटकाच्या आधी दंडार होती, अजूनही कुठे कुठे आहे. आमच्या गावच्या दंडारीत मी वाघाचं सोंग पाहिलं आहे. अंगाला पिवळी माती, शेपूट दोरीची. तो आमच्या शेजारचाच माणूस, सकाळी त्याच्याकडून दूध आणलेलं. तरी तो मांडवात चार पायांवर आला की पुढची पोरं मागं सरकायची. खोटं आहे हे माहीत असूनच भीती वाटायची. संगणकाच्या सिंहात खोटं काही उरतच नाही, मग पाहणाऱ्यानं स्वतःचं काय घालायचं?

वरूडची_आत्या

वडसा दादा, हे मला पटलं. बीबीसीच्या त्या बाहुल्याला सगळे हसतात, पण ती मालिका लहानपणी पाहिलेले लोक अजून तिच्यावर जीव टाकतात, त्याचं कारण हेच असावं. फक्त तुमच्या दंडारीत वाघ बोलत नाही. अस्लानला बोलायचं आहे, तेही शहाण्यासारखं. तिथे शेपूट दोरीची असली की पोरं हसतील.

कापूसकोंड्या

एवढं सगळं परक्या सिंहासाठी? आपल्याकडे काय कमी आहे? नाथमाधवांचं ‘वीरधवल’ घ्या, त्यावर करा म्हणावं सिनेमा.

वरूडची_आत्या

करा ना, मी तिकीट काढते. पण आपणही काही वेगळं करत नाही हो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा शाळकरी पोरगा. २०१७ च्या सिनेमात तो मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण झाला, आणि खुद्द भागवत एक पात्र म्हणून आले, दिलीप प्रभावळकरांनी केलेले. सिनेमा बरा जमला होता. पण दहा-बारा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर मोठा सिनेमा ठेवायचं धाडस आपल्याकडेही झालं नाही. तिकडे पोरं वाढतात ही अडचण, इकडे आधीच वाढवून घेतलं.

पऱ्हाटीवाला

आत्याबाई थो ओढ्याचा भाग वाचून माह्या अंगावर काटा आला बाप्पा. मी दाखवून टाका म्हटलं होतं, वापस घेतो. आधी सांगा, मंग दाखवा. इन्व्हर्टरचं मात्र तसंच ठेवजा.

वाचनालय_राळेगाव

सगळ्यांचे आभार. कायद्यावाल्या भाऊंचं गुरुजींना दाखवलं, सिनेमा शाळेतच होईल, पुस्तक संपल्यावर. लोखंडी कपाटवाल्याला काही सांगितलं नाही.

काल ओढ्याचं प्रकरण सांगितलं. जिल आणि युस्टस कोण, कुठून आले, यात फार न शिरता सरळ तहानेपासून सुरू केलं. “दुसरा ओढा नाही” म्हटल्यावर मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, तुम्ही काय केलं असतं?

जो गोंधळ झाला तो काय सांगू. एक म्हणाला, एकटीनं जायचंच कायले, चार जणं डबे वाजवत जायचं. त्याचा बाप जागलीला जातो, म्हणून हे शास्त्र त्याला पाठ. दुसरा म्हणाला, वाघ बसला असला तर तो पाणी पिऊन उठेपर्यंत लांबून पाहायचं, तो काय दिवसभर थोडीच बसते. सहावीतली एक पोरगी भडकली. म्हणे, तिले तहान लागली ना? मंग? तुम्ही डबे शोधत बसान तवरोक थे मरून जाईन. प्यायचं अन् काय. तिच्या घरी नळ नाही, पाणी तीच भरते.

माणूस खाणारा चांगला कसा, यावर मात्र निकाल लागला नाही. फक्त ज्यानं पहिल्यांदा विचारलं होतं तो म्हणाला, यानं खरं सांगितलं तरी. खोटं बोलला असता तर ती पटकन आली असती जवळ.

मग अपेक्षित प्रश्न आला, याचा सिनेमा कुठाय? मोठा निघालाच नाही म्हटल्यावर पोरांनी आपणच करू असं ठरवलं. सिनेमा नाही, शाळेच्या गॅदरिंगला नाटुकलं. जिल व्हायला पाच जणी तयार. सिंह व्हायला एकही नाही, कारण त्याला नुसतं बसायचं आहे. एक जण ओढा व्हायला तयार झाला, निळी साडी हलवत बसणार म्हणतो.

वडसा दादा, आता तुम्हीच सांगा. पिवळी माती आणि दोरीची शेपूट केली तर आत्याबाई म्हणतात तसं पोरं हसतील. सिंह करायचा कसा?

वडसा_झाडीपट्टी

दाखवूच नका. बाराव्या प्रकरणापर्यंत साहेबांनी नाही दाखवला, तुम्हाला काय घाई? स्टेजच्या बाजूला पडदा लावा, सिंह पडद्याआड. जिलनं सगळा वेळ तिकडेच पाहून बोलायचं, एकदाही प्रेक्षकांकडे नाही. हे तिच्याकडून घटवून घ्या, अर्धा सिंह त्यातच होतो. पडद्याचा खालचा कोपरा मधून मधून कोणीतरी हलवायचा, फार नाही, श्वास घेतल्यासारखा.

आवाज गुरुजींचा नको, पोरं ओळखतील. गावातला कोणी भजनी असेल तर त्याचा घ्या. आणि माइक नका देऊ, मोठा रिकामा माठ द्या, माठाच्या तोंडाशी तोंड नेऊन सावकाश बोलायला सांगा. आवाज घुमून कुठून येतो ते कळत नाही. आम्ही भुताच्या प्रवेशाला हेच करायचो. लाईन गेली तरी नाटक थांबत नाही, हा वरचा फायदा.

पऱ्हाटीवाला

माठ आमच्याइकडून घेऊन जाजा भाऊ. जुना हाय, थोडा झिरपते, पण तुम्हाले कुठी पाणी भरायचं हाय.